द्रौपदी का डांडाच्या आधी डोकरियानी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला ‘ए’ ग्रेड मिळाली, उत्तरकाशीच्या अ‍ॅडव्हान्सला नाव लागलं, छानच. पण तुझ्या पत्रातले सगळे प्रश्न द्रौपदी का डांडा-२ या शिखराचे. ते 5670 मीटर कुठे पळून जात नाहीत. त्याआधी डोकरियानी हिमनदीवर सरावाचे जे दिवस मिळतील त्याबद्दल तू एक ओळही विचारली नाहीस, म्हणून हे पत्र.

स्टोअरमधून क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे काटे) मिळाले की तिथेच बुटाला लावून बघ. पट्टे आवळण्याआधी बूट उचल. क्रॅम्पॉन गळून पडला तर लांबी चुकली आहे. बकल बाहेरच्या बाजूला, पट्ट्यांची टोकं खोचलेली. सह्याद्रीत कातळावर आपण पाय जवळ टाकतो आणि चवड्यावर तोल घेतो. बर्फावर तीच सवय नडते. एका पायाचा काटा दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (पिंढरीवरच्या कापडी आवरणात) अडकतो आणि माणूस तोंडावर. पावलांत वीतभर अंतर ठेव. मध्यम उतारावर खालचे दहाही काटे एकदम रुतायला हवेत, त्यासाठी घोटा उताराच्या खालच्या बाजूला वाकवावा लागतो. पुढचे दोन काटे उभ्या भिंतीसाठी. तिथे टाच वर गेली की काटे सुटतात, म्हणून टाच खालीच.

सर्वात जास्त वेळ सेल्फ अरेस्टला, म्हणजे घसरताना स्वतःला थांबवण्याला दे. उतार असा निवडलेला असतो की खाली सपाट बर्फ असेल, दगड नसतील. तरी हेल्मेट हवंच. सुरुवात क्रॅम्पॉन काढून. आईस अ‍ॅक्सचं डोकं खांद्याजवळ, दांडा छातीवर तिरपा, दुसरा हात खालच्या टोकाशी. मग छातीचं वजन टोचावर, म्हणजे अ‍ॅक्सच्या डोक्याच्या अणकुचीदार टोकावर. पाठीवर पडल्यावर अ‍ॅक्सच्या डोक्याकडच्या हाताच्या बाजूने वळायचं. उलट वळलं तर दांड्याचं टोक बर्फात अडकून अ‍ॅक्स हातातून हिसकली जाते. हात लांब राहिले तरी तेच होतं. डोकं खाली असताना टोच बाजूला रोवायचा, म्हणजे शरीर आपोआप फिरतं. पायात क्रॅम्पॉन असतील तर गुडघे वाकवून पाय वर उचल. वेगात काटा रुतला तर घोटा मोडतो, नाहीतर माणूस उलटा फेकला जातो. पोटावर-पाठीवर, डोकं वर-डोकं खाली, असे चारही प्रकार डाव्या हातानेही कर. बहुतेक जण उजव्याने दोनदा जमलं की रांगेतून बाहेर पडतात. प्रशिक्षक ओरडला तरी चालेल, तू पुन्हा रांगेत लाग.

रोपवर चौघे असाल तर दोघांत साधारण दहा मीटर. रोप बर्फाला जेमतेम टेकलेला असावा. हातात वेटोळी घेऊन चालणारा भिडू सर्वांत धोक्याचा, कारण समोरचा क्रेव्हासमध्ये (हिमनदीतल्या भेगेत) गेला की ती ढील संपेपर्यंत तो पडतच राहतो आणि मग झटका बसतो. भेगेला काटकोनात ओलांडा. तिला समांतर एका रेषेत चाललात तर दोघे एकाच भेगेच्या छपरावर येऊ शकता.

बचावाच्या सरावात घाई होते ती अँकरला, म्हणजे रोप बांधायच्या आधाराला. मऊ बर्फात पिकेट (धातूची लांब मेख) उभा ठोकून उपयोग नाही; आडवा चर खणून पुरायचा, आणि स्लिंगसाठी (त्याला बांधलेल्या पट्ट्यासाठी) ओढाच्या दिशेने वेगळी खाच. भेगेच्या काठावर रोप बर्फात कापत जातो, म्हणून खाली आईस अ‍ॅक्स किंवा सॅक सरकव, आणि तीही बांधून ठेव, नाहीतर खाली लटकलेल्याच्या डोक्यात पडेल. झेड-पुली, म्हणजे रोप Z च्या आकारात वळवून ओढायची रचना, कागदावर तिप्पट ताकद देते. पुली न लावता नुसत्या कॅराबिनरवर (धातूच्या कडीवर) जेमतेम दुप्पट. शिवाय प्रुसिकच्या (रोपला घट्ट पकडणाऱ्या) गाठी हातमोजे घालून मार. उघड्या हाताने तंबूत सगळ्यांनाच येतात.

एक गोष्ट या सरावाने सुटत नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला याच द्रौपदी का डांडा-२ वर हिमस्खलन झालं आणि अ‍ॅडव्हान्सच्याच तुकडीतली मुलं गेली. तशा लाटेपुढे आईस अ‍ॅक्स काही करत नाही. ताजा बर्फ भरपूर पडला असेल, वाऱ्याने एका बाजूला साठला असेल, पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा पावलापासून तडा पळत गेला, तर थांब आणि पुढच्या-मागच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांग. वर जायचं की नाही हे प्रशिक्षक ठरवतील, पण रांगेच्या शेवटी आलेला तो आवाज त्यांच्यापर्यंत पोचवायला तूच आहेस.