वाचक विचारतात : सूडपटातली मारामारी कशी पारखावी?

प्रश्न : 'किल बिल'च्या पहिल्या भागाबद्दल (२००३) प्रेक्षकांत दोन तट आहेत. काहींना तो नुसता रंग-रक्ताचा देखावा वाटतो, काहींना अप्रतिम. खरं काय?

उत्तर : कथा एका ओळीची, हे मान्यच. पण असे सूडपट हालचालीतून बोलतात, म्हणून मारामारीच नीट बघा. तिच्या आखणीत हाँगकाँगचे मारामारी-दिग्दर्शक युएन वू-पिंग होते. आवाज बंद करून एक लढत पुन्हा लावा. वार सुरू होऊन लागेपर्यंत मध्ये कट येतो का? नट डोक्यापासून पायापर्यंत दिसतो का? फ्रेम कमरेवर कापली की जोर कुठून आला ते कळतच नाही, मग ठोशाच्या आवाजावर वेळ मारून न्यावी लागते.

प्रश्न : काही चित्रपटांत लढत तुटक का दिसते?

उत्तर : बहुधा शटरमुळे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश आत सोडणाऱ्या झडपेमुळे. ती किती उघडी, ते अंशांत मोजतात. सेकंदाला २४ फ्रेम (सुटी चित्रं) असताना १८० अंशांचं शटर दर फ्रेमला १/४८ सेकंद उघडं राहतं, ४५ अंशांचं फक्त १/१९२. धूसरपणा जातो, थेंब न् थेंब सुटा दिसतो. हालचाल मात्र अडखळते. दुसरी युक्ती वेगाची : सेकंदाला २२ फ्रेमने चित्रित करून २४ ने दाखवलं तर वेग सुमारे ९ टक्के वाढतो. ही युक्ती जुनी आणि चांगली, पण ताणली की केस नि कपडे लगेच चुगली करतात.

प्रश्न : 'किल बिल'मधली मोठी लढत मध्येच कृष्णधवल का होते?

उत्तर : तुम्ही अमेरिकी आवृत्ती पाहिलीत. जपानी आवृत्तीत तो भाग रंगीत आहे. मिळाली तर जरूर पाहा.