पाठीवरून ओळखायची गाडी

प्रश्न : माझे आजोबा मराठा अँटी-टँक रेजिमेंटमध्ये होते. ट्रंकेत त्यांचे दोन फोटो सापडले, सोबत पाठवले आहेत. एकात ते तिघांबरोबर तोफ ओढणाऱ्या गाडीच्या बॉनेटवर बसले आहेत, दुसऱ्यात तीच गाडी बाजूने दिसते. फोटोमागे शाईने लिहिलंय, ‘१९४२, आफ्रिका’. जुन्या बाजारातले एक जाणकार म्हणाले, गाडी कॅनडाची आहे. खरंच का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, गाडी इंग्लंडची. आणि फोटो बेचाळीसचा असूच शकत नाही.

आधी कॅनडाचं मिटवू. फोर्ड आणि शेव्हरोले या कंपन्यांनी कॅनडात बनवलेल्या तोफ-ओढ्या गाड्या ब्रिटिश साम्राज्यभर गेल्या, त्यामुळे जाणकारांचा अंदाज अगदीच हवेतला नाही. पण त्या गाड्यांचं नाक बसकं, पग कुत्र्यासारखं. एक्केचाळीसच्या अखेरीपासून आलेल्या १३ नंबरच्या केबिनला तर पुढची काच उलटी कललेली असते, वरची कड पुढे आणि खालची आत. विमानातल्या माणसाला उन्हात काच चमकताना दिसू नये म्हणून. तुमच्या फोटोत बॉनेट पुढे आलेलं आहे, त्यावर चार माणसं ऐसपैस बसली आहेत. ही बर्मिंगहॅमच्या मॉरिस कमर्शियलची सी-एट, बोलीभाषेत ‘क्वाड’.

आता मॉरिस तर मॉरिस, पण कुठली? मी चाळीस वर्षं डेंटिंग केलं. गिऱ्हाईक गाडी दाखवताना आधी तोंड दाखवतं, आम्ही आधी मागे जातो. क्वाडच्या बाबतीत हीच सवय कामाला येते, कारण तोंडं एकमेकींसारखी आणि फरक सगळा पाठीत. पहिल्या टपांची, म्हणजे गाडीच्या वरच्या बांध्यांची, पाठ भुंग्यासारखी, छतापासून मागच्या बंपरकडे उतरत गेलेली. कासव म्हणा हवं तर. १९३९च्या शेवटापासून चव्वेचाळीसपर्यंत याच रूपाच्या गाड्या हजारोंनी निघाल्या.

१९४४मध्ये ५ नंबरचं टप आलं आणि भुंगा गेला. पाठ सरळ उभी, कोपरे चौकोनी, वर पत्र्याऐवजी ताडपत्री. तुमच्या दुसऱ्या फोटोत छताची रेघ भिंगाखाली बघा. ती सरळ नाही, मधे मधे किंचित झोल आहे, आणि झोलांच्या मधे उंचवटे. आत कमानी आहेत आणि वर कापड ताणलंय, त्याची ती खूण. पत्रा असा झोल देत नाही. पोचा पडला तर एका जागी पडतो, सारख्या अंतरावर चार ठिकाणी पडत नाही. गाडीची मागची कड तर फूटपट्टी लावल्यासारखी खाली येते. म्हणजे ५ नंबर, म्हणजे चव्वेचाळीस किंवा त्यानंतर.

तोफही हेच सांगते. २५ पौंडी तोफ असती (नाव गोळ्याच्या वजनावरून), तर गाडी आणि तोफ यांच्यामधे दोन चाकांचा लिंबर दिसला असता, ३२ गोळे ठेवायची ती पेटी. तुमच्या फोटोत मधे काहीच नाही, तोफ थेट हुकाला. शिवाय नळी लांबलचक आणि टोकाला भोकं पाडलेला जाड मझल ब्रेक, म्हणजे तोफेचा मागचा झटका कमी करणारं तोंड. ही १७ पौंडी, रणगाडे फोडायची. ५ नंबरच्या टपाच्या गाड्या २५ पौंडीबरोबर या तोफेच्याही दिमतीला होत्या, आणि आजोबांची रेजिमेंटही अँटी-टँकच. सगळं जुळतं.

मराठा अँटी-टँक रेजिमेंट आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३मध्ये इटलीत तारांतोला उतरली आणि तिथलं युद्ध २ मे १९४५ला थांबलं. तुमचा फोटो याच काळाच्या उत्तरार्धातला, इटलीतला धरा. मागचं अक्षर आजोबांचं आहे का, ते त्यांच्या पेन्शनच्या कागदांवरच्या सहीशी ताडून पाहा. माझ्या घरी मावशीने सगळ्या फोटोंमागे एकाच पेनाने वर्षं लिहून ठेवली आहेत. त्यातली निम्मी चुकीची.

अजून एक काम करा. पहिल्या फोटोत डावीकडच्या जवानाच्या बुटाजवळ बॉनेटवर पांढरी अक्षरं अर्धवट दिसतात. पहिलं अक्षर ‘एच’ असावं, तोफ ओढणाऱ्या गाड्यांच्या नंबराआधी ब्रिटिश सैन्य तेच अक्षर टाकायचं. पुढच्या मडगार्डांपैकी एकावर डिव्हिजनचं चिन्ह आणि दुसऱ्यावर युनिटचा आकडा असायचा. फोटो मोठ्या रेझोल्यूशनला स्कॅन करून पाठवलात तर त्या आकड्यावरून बरंच पुढे जाता येईल. स्टुडिओवाल्याला ‘साफ करून द्या’ असं चुकूनही सांगू नका. तो धूळ म्हणून नंबरच पुसेल.

प्रश्न : मी क्वाडचं मॉडेल करतोय. मार्क दोन आणि मार्क तीन, म्हणजे गाडीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्त्या, चाकांवरून ओळखता येतात, असं वाचलं. मग पाठ कशाला बघायची?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चाकांवरून येतात ओळखता. आधीच्या गाड्यांना २० इंची रिम, मार्क तीनला १६ इंची, म्हणून तिसरीचे टायर जास्त गुबगुबीत दिसतात. आधीच्या गाड्यांची चारही चाकं कायम ओढायची, मार्क तीनमध्ये पुढच्या चाकांचं ओढणं बंद करता यायचं, पण ते काही फोटोत दिसत नाही.

फक्त हा मार्कचा फरक झाला, टपाचा नाही. मार्क तीन भुंग्याच्या पाठीचीही आहे आणि चौकोनी पाठीचीही. मी एकदा गुबगुबीत टायर लावून, भुंगा पाठ ठेवून, खाली ऐटीत ‘मार्क तीन, ५ नंबर टप’ अशी पाटी चिकटवली होती. प्रदर्शनात नववीतल्या एका पोराने सगळ्यांदेखत विचारलं, “काका, ताडपत्री कुठंय?” पाटी खिशात घालून घरी आलो. मॉडेल अजून टीव्हीवर आहे, पाटीशिवाय.