श्ट्राउसचा गडगडाटी पोल्का खरंच नाचण्यासाठी होता का?

व्हिएन्नाचा संगीतकार योहान श्ट्राउस (धाकटा) याचा ‘उंटर डोनर उंड ब्लिट्स’ (‘मेघगर्जना आणि विजांमध्ये’) हा पोल्का, म्हणजे जोडीनं करायच्या एका नाचाची रचना, नाचण्यासाठी होता की बसून ऐकण्यासाठी, आणि ढोलांच्या एवढ्या गडगडाटात नाचणाऱ्यांचा ताल कसा सुटत नसे, असं तुम्ही विचारलंय.

नाचण्यासाठीच होता. १६ फेब्रुवारी १८६८ रोजी व्हिएन्नातल्या ‘हेस्परस’ या कलावंतांच्या संस्थेच्या बॉलमध्ये, म्हणजे नृत्यसमारंभात, तो पहिल्यांदा वाजला. जागा होती डायनाबाड. हे मुळात स्नानगृह. हिवाळ्यात तिथला तलाव झाकून वर नाचघर उभं करत. श्ट्राउसचा प्रसिद्ध वॉल्ट्झ ‘ब्लू डॅन्यूब’ही वर्षभर आधी तिथंच पहिल्यांदा सादर झाला होता. ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू होण्याआधीच्या कार्निव्हलच्या दिवसांत वकील, डॉक्टर, विद्यार्थी, पत्रकार अशा सगळ्यांचे बॉल असत, आणि श्ट्राउस बंधू त्यांच्यासाठी नव्या रचना करून देत.

आता तालाकडे वळू. पोल्का दोन मात्रांचा. हा त्यातला ‘श्नेल’ म्हणजे द्रुत प्रकार. जोडपी जवळजवळ धावतच दालनभर फिरत. ढोल कितीही घुमले तरी त्यांच्याखाली चेलो-डबल बास ही खर्जातली तंतुवाद्यं ठोक्यावर आणि दुय्यम व्हायोलिनं व हॉर्न दोन ठोक्यांच्या मधल्या जागी न चुकता वाजत राहतात. पाय पकडतात ते हेच. गडगडाट उठतो, फुगतो, विरतो, पुढे झांजा कडाडतात. पण लय एका क्षणासाठीही ढळत नाही. मला श्ट्राउसची खरी कारागिरी इथं दिसते. वादळ उभं करायला त्याने ठेका मोडला नाही, त्याच्यावरच वादळ रचलं. आणि हे सगळं जेमतेम तीन मिनिटांत! त्यामुळे मैफलीत बसून ऐकतानाही पाय हलू लागतात. व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या नववर्षाच्या मैफलीत आग्रहाखातर वाजवायची पहिली रचना बहुधा असा द्रुत पोल्काच असते.

पुढच्या वेळी ऐकताना सुरुवातीला ढोलांकडे लक्षच देऊ नका, फक्त खालचे बास ऐका. मग योहानचा धाकटा भाऊ योझेफ याचा ‘फॉयरफेस्ट’ ऐका. अग्निरोधक तिजोऱ्या बनवणाऱ्या व्हेर्टहाइम कंपनीच्या वीस हजाराव्या तिजोरीनिमित्त १८६९ मध्ये केलेला तो पोल्का संथ, फ्रेंच धाटणीचा आहे, आणि त्यात लोहाराची ऐरण वाजते. लागोपाठ ऐकलेत तर ‘श्नेल’ म्हणजे काय ते लगेच कळेल.