सगळं आवरलं की बसते

ताई, माझं वय ४३. एका कंपनीत हिशेब विभागाची प्रमुख आहे. घरी नवरा, चौदा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. कुणाचाच त्रास नाही, हे आधीच सांगते. नवरा तर ‘तू फक्त सांग, मी करतो’ म्हणतो. पण गेले काही महिने रविवारी संध्याकाळपासूनच छातीवर दडपण येतं. परवा बैठकीत तोंडपाठ असलेला आकडा आठवेना आणि सगळ्यांसमोर रडू आलं. मग ठरवलं, स्वतःकडे लक्ष द्यायचं. पहाटे पाचला उठून व्यायाम, ध्यानाचं अ‍ॅप, रात्री डायरी. आता जास्तच दमते. चार दिवस रजा घेतली, त्यात कपाटं आवरली. आणि आता साहेबांनी मोठं पद देऊ केलंय. मला ते नको वाटतंय. पण इतक्या बायकांनी झगडून आपल्याला इथवर आणलं आणि मी दमले म्हणून नाही म्हणायचं? मी आळशी झालेय का?
– दमलेली

प्रिय मैत्रिणी,

आळशी बाई रजेत कपाटं आवरत नाही. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या ताणाने पार संपून जाण्यावर, लेख लिहिला, तेव्हा याचा धोका कुणाला जास्त, हा प्रश्न त्यालाही पडला होता. त्याचं उत्तर होतं, कामाला वाहून घेतलेल्या माणसांना. कामचुकार माणूस या वाटेला सहसा जातच नाही. तेव्हा आळसाचा विषय आपण सोडून देऊ.

आधी डॉक्टरांकडे जा. छातीवरचं दडपण ताणाचंच असेल, हे तुम्ही ठरवू नका आणि मीही ठरवणार नाही. बायकांच्या हृदयविकाराची लक्षणं ‘टेन्शन असेल’ म्हणून बाजूला पडतात, घरात आणि कधी कधी दवाखान्यातही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. पाळीत काही बदल झाला असेल तर तोही सांगा. रजोनिवृत्तीच्या आधीची काही वर्षं साधारण चाळिशीतच सुरू होतात. झोप मोडणं, नेमका शब्द किंवा आकडा न आठवणं, उगाच रडू येणं, हे त्या काळात पुष्कळजणींना होतं. तुमचा तो हरवलेला आकडा कदाचित इथे सापडेल. आणि एरवी जे आवडायचं तेही आता नकोसं वाटत असेल, रविवारच काय, कुठलाच दिवस बरा जात नसेल, तर डॉक्टरांना तेही स्पष्ट सांगा. ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर वेगळे उपचार आहेत.

तपासण्यांत काही निघालं नाही, तर मग बर्नआउटकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली. पण आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने होणारी अवस्था म्हणून. तिच्या खुणा तीन : शक्ती संपून जाणं, कामापासून मनाने तुटणं किंवा त्याचा तिटकारा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. या व्याख्येतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिचं मूळ कामात आहे. अनेक दशकं या विषयावर काम केलेल्या क्रिस्टिना मास्लाक यांचाही भर कामाचं ओझं, त्यावरचा आपला ताबा, न्याय आणि मोबदला यांवरच आहे. तुम्ही मात्र दोष स्वतःत शोधलात आणि दुरुस्तीलाही स्वतःलाच घेतलंत.

म्हणून ते पहाटे पाचचं प्रकरण. ती वेळ तुम्ही आणली कुठून? ऑफिसच्या तासांतून नक्कीच नाही, घरकामातूनही नाही. झोपेतून आणली. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. तुम्हाला किती मिळते, ते पत्रात नाही, पण मला अंदाज आहे. थकव्यावर उपाय म्हणून तुम्ही तीन नवी कामं अंगावर घेतलीत आणि आता त्यांचीही हजेरी लावताय. गजर बंद करा. अ‍ॅप काढून टाका, डायरी मनापासून आवडत असेल तरच ठेवा. व्यायाम चांगलाच आहे, पण झोप कापून केलेला नको. (आराम करण्याचंही वेळापत्रक बायकांना विकणाऱ्यांवर माझा फार दिवसांचा राग आहे, तो इथे निघाला, चालवून घ्या.)

आणि रजा? रजेने आलेली तरतरी काही आठवड्यांत ओसरते, मग ती कपाटं न आवरता घेतलेली असली तरी. रोजच्या दिवसात काही बदललं नाही, तर परतल्यावर तेच वाट बघत असतं.

आपण सगळ्या एक वाक्य म्हणत मोठ्या झालो : सगळं आवरलं की बसते. घरातलं काम सगळं कधी आवरतच नाही, त्यामुळे ती बसायची वेळही येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात जगभरची सरासरी आहे : बिनपगारी घरकाम आणि सांभाळ यांत बाईचे दिवसाला ४ तास २५ मिनिटं जातात, पुरुषाचा १ तास २३ मिनिटं. कुणाचाच त्रास नाही, असं तुम्ही लिहिलंत. खरं असणार. त्रास देणारं कुणी नसलं की ओझं दिसतच नाही, ही त्यातली अडचण.

तुमचा नवरा ‘तू फक्त सांग’ म्हणतो, तेव्हा करायचं काम तो उचलतो. पण ते लक्षात ठेवणं, वेळेवर सांगणं, झालं का ते पाहणं तुमच्याकडेच राहतं. ऑफिसात तुम्ही हाताखालच्या माणसाला एखादं खातं सोपवता, तेव्हा रोज त्याच्या मागे उभ्या राहता का? तसंच एक अख्खं खातं नवऱ्याकडे द्या. सासूबाईंचे डॉक्टर आणि औषधं, समजा. तारखा, चिठ्ठ्या, संपत आलेल्या गोळ्या, सगळं त्यांचं. दुसरं खातं मुलीच्या शाळेचं, त्यातलं निम्मं तर तिचं तिलाच जमेल. हे घाईत, दारात उभ्या राहून सांगू नका. बसून सांगा, बैठकीत रडू आलं तेही सांगा. ते त्यांना माहीत आहे का, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही.

पहिले काही आठवडे घोळ होतील. जिवाला धोका नसेल तिथे बोलू नका. सगळ्यात अवघड भाग तुमच्या वाट्याचा आहे, कारण आपल्यासारखं कुणाला जमत नाही, यात आपल्याला थोडं सुखही असतं. ते सुख सोडावं लागेल. सासूबाई काही बोलल्या तर ‘आई, आता हे तो बघतो’ एवढं पुरे. बाजू मांडत बसू नका.

आता ते पद. आधीच्या बायका झगडल्या त्या तुम्हाला निवडता यावं म्हणून. त्याची परतफेड म्हणून बढती घ्यावी, असं काही माझ्या तरी वाचण्यात आलेलं नाही. पण एवढ्या थकव्यात ‘नाही’ही घाईने म्हणू नका. झोप भरल्यावर तेच पद कदाचित हवंसं वाटेल. उत्तराला महिनाभर मागा आणि साहेबांना विचारा : हे घेतलं तर आत्ताचं कोणतं काम माझ्याकडून जाईल आणि ते कोण करेल? ‘बघू, होईल’ असं उत्तर आलं, तर ती बढती नाही, एका पगारात दोन नोकऱ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितलंय की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा अंदाजे ३५ टक्के जास्त असतो. साहेबांशी बोलण्याआधी तुमचे आठवड्याचे तास एकदा मोजा. हिशेब तुम्हाला येतोच. घरचे तासही धरा.

तुमची,
ताई