पासष्ट हजारांचा मदरबोर्ड घेऊ का?

प्रश्न : ताई, नमस्कार. परभणीत माझा लग्नाच्या शूटिंगचा आणि एडिटिंगचा व्यवसाय आहे. गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिथेच स्टुडिओ. नवीन मशीन बांधतोय. एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स आणि आरटीएक्स ५०७० टीआय ग्राफिक्स कार्ड नक्की केलंय. ३२ जीबी रॅमच्या चार स्टिक आणि चार एसएसडी लावायच्यात. रात्री थोडं गेमिंगही चालतं. पुण्याच्या दुकानदाराने ६५,००० रुपयांचा एक्स८७०ई बोर्ड सुचवलाय. १८ फेज, १० गिगाबिट लॅन, एसएसडी बसवायचे पाच एम.२ स्लॉट. म्हणतात, एवढा प्रोसेसर घेताय तर बोर्डात हात आखडू नका. घेऊ का? – एक वाचक, परभणी

उत्तर : नका घेऊ. बोर्ड वाईट आहे म्हणून नाही, चांगलाच असणार. पण त्या ६५,००० मधला मोठा हिस्सा तुमच्या कामाला कधीच न लागणाऱ्या गोष्टींचा आहे. आणि तुमच्या पत्र्याच्या खोलीला जे लागतं, त्याचं दुकानदाराच्या यादीत नावही नाही.

आधी फेजचं बघू, म्हणजे प्रोसेसरला वीज वाटून देणाऱ्या बोर्डावरच्या छोट्या सर्किटांचं. ९९५०एक्स कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत चालवला तर सॉकेटमधून जास्तीत जास्त २३० वॅट घेतो. सलग भारात करंटची मर्यादा १६० अँपिअर. आता २५,००० च्या आसपासचा एखादा बरा बोर्ड घ्या, त्यावर प्रोसेसरसाठी प्रत्येकी ८० अँपिअरचे १४ फेज सहज मिळतात. १६० भागिले १४, म्हणजे एका फेजच्या वाट्याला साडेअकरा अँपिअरसुद्धा येत नाहीत. १८ फेजचा बोर्ड घेतला तर नऊच्या आसपास येतील. ज्या विहिरीवर तीन एचपीची मोटर पुरते तिथे वीसची बसवली म्हणून पाणी वाढत नाही, तसंच हे. द्रवरूप नायट्रोजन ओतून ओव्हरक्लॉकिंगचे विक्रम करणाऱ्यांना ती जास्तीची ताकद लागते. तुमचं एक्सपोर्ट त्याने एका सेकंदानेही लवकर होणार नाही.

तुम्ही बघायचा तो हीटसिंक. प्रोसेसरला लागणारा व्होल्टेज तयार करणारा सॉकेटभोवतीचा भाग म्हणजे व्हीआरएम, आणि त्याच्यावर बसवलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा म्हणजे त्याचा हीटसिंक. चाचण्यांच्या व्हिडिओत दाखवतात ती तापमानं बहुतेक वेळा एसीच्या खोलीतली असतात, २०-२५ अंशांची. खोली जितकी तापेल तितकं मशीनच्या पेटीतलं सगळंच वर सरकतं. तिकडे २२ अंशांच्या खोलीत ६५ वर राहणारा व्हीआरएम तुमच्याकडे ४२ अंशांत ८५ च्या घरात जाणार. परभणीचा मे आणि वर पत्रा, दुपारी खोलीत किती होतं ते तुम्हीच जाणता. व्हीआरएम तेवढं सोसतो. पण त्याच हवेत प्रोसेसर, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड सगळेच श्वास घेतायत.

म्हणून दुकानात गेलात तर बोर्ड बाहेर काढायला लावा आणि हीटसिंक नीट बघा. धातूला खोल चिरा आहेत का, त्यातून हवा आरपार जाईल का, की वरून नुसतं चकचकीत प्लॅस्टिकचं झाकण आणि त्यात रंगीत दिवे? डावीकडचा आणि वरचा असे दोन ठोकळे तांब्याच्या नळीने जोडलेले असतील तर उत्तम. या एका बाबतीत ३०,००० चा साधा काळा बोर्ड दिव्यांच्या महागड्या बोर्डापेक्षा सरस निघालेला मी कितीतरी वेळा पाहिलाय.

प्रोसेसरचा कूलर कुठला घेताय ते तुम्ही लिहिलं नाही. एआयओ, म्हणजे बंद नळ्यांतून पाणी फिरवून थंड करणारा कूलर असेल तर त्याचा रेडिएटर पेटीच्या छताला लावा आणि पंखे हवा बाहेर फेकतील असे बसवा. एआयओमुळे सॉकेटच्या आसपास हवा खेळत नाही, व्हीआरएम कोरडाच राहतो. उंच टॉवरचा एअर कूलर असेल तर त्याच्या पंख्याची हवा आपोआप तिथे लागते. आपल्याकडे मी टॉवरच सुचवते. पंखा बिघडला तर गावात मिळेल तो पंखा लावून काम चालू ठेवता येतं. एआयओचा पंप गेला की लग्नसराईत मशीन बंद.

आणखी एक, आणि याला एक रुपयाही लागत नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, इको मोड असतो. १०५ वॅटचा पर्याय निवडला की प्रोसेसर २३० ऐवजी १४२ वॅटवर थांबतो. वेग थोडाच कमी होतो, उष्णता मात्र भरपूर उतरते. मार्च ते जून तो चालू ठेवा.

आता खरा मुद्दा, तुमच्या चार एसएसडी. बोर्डावर पाच स्लॉट आहेत म्हणजे पाचही पूर्ण वेगाने चालतील असं धरून चालू नका. या प्रोसेसरकडे एकूण २८ पीसीआयई लेन, म्हणजे डेटा जाण्याचे मार्ग असतात. चार चिपसेटकडे, म्हणजे बोर्डावरची बाकीची जोडणी सांभाळणाऱ्या चिपकडे जातात, १६ ग्राफिक्स कार्डाला. उरल्या आठ, म्हणजे दोन एसएसडींपुरत्या. त्यातही एक्स८७० आणि एक्स८७०ई बोर्डांवर यूएसबी४ असणं बंधनकारक आहे आणि त्यासाठी बहुतेक बोर्ड या आठांतल्याच चार लेन वापरतात. मग दुसऱ्या एम.२ स्लॉटचं काय? काही बोर्डांवर तो स्लॉट भरला की यूएसबी४ चा वेग निम्मा होतो. काही बोर्ड तिथे ग्राफिक्सच्या लेन कापून देतात, १६ च्या आठ होतात. बाकीचे स्लॉट चिपसेटच्या मागे, आणि चिपसेट ते प्रोसेसर हा रस्ता सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा. त्याच रस्त्यावरून साटा, लॅन आणि बहुतेक यूएसबी जातात.

हे सगळं कंपनीच्या संकेतस्थळावरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. खोक्यावर नसतं, दुकानदाराच्या तोंडीही नसतं. पैसे देण्याआधी मॅन्युअल उतरवून घ्या आणि स्टोरेजचं पान उघडा. तिथे बारीक अक्षरात टीप असते की अमुक स्लॉट भरला तर तमुक बंद होईल. ती टीप तुमच्या चार एसएसडींना लावून बघा. ६५,००० चा बोर्ड तिथे नापास होऊ शकतो आणि निम्म्या किमतीचा पास. नुसत्या नावावरही जाऊ नका. एक्स८७० वर चिपसेटची एकच चिप असते, एक्स८७०ई वर दोन. त्याआधीच्या एक्स६७०ई वरही दोनच होत्या आणि चिपही तीच. जुना एक्स६७०ई पूर्ण वॉरंटीसकट स्वस्तात मिळाला तर तुमच्या कामाला नव्या एक्स८७० पेक्षा तो जास्त सोयीचा ठरू शकतो. फक्त त्यातला बायोस ९९५०एक्स ओळखेल इतका नवा आहे का, ते विचारा.

एसएसडींची वाटणी अशी करा. विंडोज आणि चालू प्रोजेक्ट प्रोसेसरला जोडलेल्या दोन स्लॉटवर, झालेल्या लग्नांचं फुटेज चिपसेटच्या दोनांवर. जेन ५, म्हणजे पाचव्या पिढीच्या एसएसडीचा हट्ट सोडा. आकडा मोठा दिसतो, पण ती तापते फार, आणि एडिटिंगला बसल्यावर जेन ४ मधला नि तिच्यातला फरक हाताला जाणवत नाही.

रॅमचं मात्र बदलाच. चार स्टिक लावू नका. या प्लॅटफॉर्मवर दोन स्टिकना एएमडी ५६०० चा वेग देते, चार लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो. बोर्ड ६५,००० चा असो की एक लाखाचा, रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत आहे, बोर्ड त्याला काय करणार? ६४ जीबीच्या दोन घ्या. भाव झेपत नसेल तर ४८ च्या दोन, ९६ जीबीत तुमचं काम आरामात होईल. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की बोर्डात वाचवलेले पैसे इथेच लागणार आहेत.

१० गिगाबिट लॅनबद्दल एवढंच विचारते : समोरच्या टोकाला त्या वेगाचं दुसरं काय आहे? स्टुडिओत नॅस, म्हणजे नेटवर्कवरची स्टोरेजची पेटी नाही, दुसरं एडिटिंग मशीन नाही, ब्रॉडबँड घरगुती. २.५ गिगाबिट पुरे.

मग घ्यायचं काय? २५ ते ३५ हजारांतला दणकट हीटसिंकचा बी८५० किंवा एक्स८७०, ज्याची स्टोरेजची टीप तुमच्या चार एसएसडींना आड येत नाही. दोन गोष्टींवर तडजोड नको. एक, मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण, म्हणजे प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करता येतो. दोन, बिघाड कुठे आहे ते सांगणारा दोन अंकी डिस्प्ले, किंवा निदान चार छोटे दिवे. परभणीत रात्री अकराला मशीन अडलं तर तो अंक फोनवर सांगून कुणाचीही मदत घेता येते. शिवाय तुमच्या प्रोसेसरच्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. म्हणजे याच बोर्डावर पुढे नवा प्रोसेसर बसवता येईल, आणि त्यासाठीच फ्लॅशबॅक हवं.

उरलेल्या पैशांत शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्या. तुमचा प्रोसेसर २३० वॅटचा आणि कार्ड ३०० चं, त्यामुळे दुकानात पुढे करतात तो ६०० व्हीएचा डबा चालणार नाही, दीड हजार व्हीए तरी हवा. त्यावरही पैसे उरले तर पत्र्याखाली सीलिंग करून घ्या. आणि खोली थंड करायला पाण्याचा कूलर लावत असाल तर त्याचा झोत पेटीवर येऊ देऊ नका. बोअरच्या जड पाण्याचे तुषार सुकले की बोर्डावर पांढरी पूड बसते, आणि दमट हवेत तीच वीज वाहून नेते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कूलर, खिडकी उघडी, पेटी झोताच्या बाहेर.

प्रश्न : नवीन एएम५ मशीन जोडलं. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. तीन-चारदा बंद-चालू केलं, तेच. बोर्ड गेला का? बायोस अपडेट करावा म्हणतात, पण आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. – एक वाचक, बीड

उत्तर : बोर्ड बहुधा ठणठणीत आहे, तुम्ही त्याला वेळ दिला नाहीत. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिचं ट्रेनिंग करतो, म्हणजे ती कुठल्या सेटिंगवर नीट चालते ते तपासतो. त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, रॅम जास्त असेल तर आणखी वेळ. मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. एकच स्टिक ठेवा, बोर्डावर ए२ लिहिलेल्या स्लॉटमध्ये, म्हणजे सॉकेटकडून दुसऱ्या. मशीन चालू करा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका.

तरीही काळीच राहिली तर फ्लॅशबॅक. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, बायोसची फाइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने ठेवा, ठरवून दिलेल्या यूएसबीत लावा, बटण दाबा. प्रोसेसर नसला तरी हे चालतं. लाईट मध्येच गेली तरी घाबरू नका. फ्लॅशबॅकचं काम बोर्डावरची वेगळी चिप करते, लाईट आली की तीच कृती पुन्हा पहिल्यापासून करायची. तरी यूपीएसवर करा, वादळवाऱ्याच्या संध्याकाळी करू नका.

प्रश्न : पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर दिवा लागतो. बोर्ड महागाचा आहे, भीती वाटते. – एक वाचक, जालना

उत्तर : हे पत्र मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आजच दुरुस्ती करा. बोर्डाचा दोष नाही, तुमच्या घराला अर्थिंग नाही किंवा ती वाळलेली आहे. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात, गडबडीचे तरंग जमिनीत सोडायला. तिसऱ्या पिनेला जमीनच नसेल तर पेटी निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, लटकत राहते. करंट अगदी थोडा म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण मशीन चालू असताना एचडीएमआय किंवा यूएसबीची वायर लावता तेव्हा तो फरक त्या पोर्टातून वाट काढतो. माझ्या टेबलावर मेलेल्या पोर्टांचे बोर्ड येतात, त्यांच्या घरची चौकशी केली की बहुतेकदा अर्थिंगच नसतं.

मल्टिमीटर एसीवर ठेवा. सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये जवळपास फेज-न्यूट्रलइतकाच व्होल्टेज दिसायला हवा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ १०० च्या आसपास नाचत असेल तर अर्थ तुटलेला आहे. इलेक्ट्रिशियन बोलवा, कोळसा-मीठ घालून पाइपचं अर्थिंग नवीन करून घ्या. खड्डा आधीच असेल तर त्यात पाणी ओतायला सुरुवात करा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते आणि पावसाळ्यात चालणारं अर्थिंग मेमध्ये निकामी होतं. दर आठवड्याला दोन बादल्या पुरतात. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला हात लावू देऊ नका. बाहेर न्यूट्रल तुटला तर अख्ख्या पेटीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि त्यात जीव जाईल.

वळवाचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या की पॉवरचा प्लग काढा, राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढा. विजेचा दणका त्या तांब्याच्या वायरने सरळ बोर्डावर पोहोचतो, आणि वीज पडून जळालेल्या बोर्डाला कंपनी वॉरंटी देत नाही.