पॉइंट टू-टू रायफलसाठी काडतुसांची चाचणी कशी घ्यावी?

५० मीटर स्पर्धेच्या पॉइंट टू-टू (०.२२ इंच कॅलिबरच्या) रायफलमधून कोणते काडतूस सर्वांत अचूक जाईल, हे कंपनीच्या नावावरून सांगता येत नाही. एकाच प्रकारच्या काडतुसांचे दोन लॉटसुद्धा (लॉट म्हणजे एका वेळी तयार झालेल्या काडतुसांचा गट) त्याच नळीतून वेगवेगळे परिणाम देतात. म्हणून वारा नसताना, रायफल पक्क्या आधारावर ठेवून, प्रत्येक लॉटचे १०-१० गोळ्यांचे किमान ४ ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे समूह) घ्यावेत. लॉट बदलल्यावर आधी १५-२० गोळ्या झाडाव्यात, कारण गोळीवरील मेणाचा थर नळीत नीट बसेपर्यंतचे निकाल फसवे असतात, आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असल्याने, सर्वांत लहान ग्रुपपेक्षा सर्वांत वाईट ग्रुप किती पसरला, यावरून मी निवड करतो. पसंत पडलेला लॉट हंगामभर पुरेल इतका एकदमच घ्यावा.