शाळा बुडते तेव्हा : पालकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. लग्नं, जत्रा यांत महिन्याला दोन-तीन दिवस बुडतातच. एवढ्यानं काय बिघडतं?

उत्तर : शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरायला हवी. त्यातले पंचवीस-तीस तुम्ही असेच घालवता. हातच्याची वजाबाकी शिकवली त्या दिवशी मूल लग्नात असलं, की दुसऱ्या दिवशी ते शेजारच्याचं बघून उतरवतं. वहीत बरोबरची खूण मिळते. पण ५२ वजा २७ एकट्यानं करायला सांगा, ३५ लिहील. सात मोठे, म्हणून सातातून दोन काढतं. लग्नाला संध्याकाळी न्या.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो. दिवाळीला गाव सोडतो ते उन्हाळ्यातच परततो. मुलगी पाचवीत आहे. धाकट्याला सांभाळायला तिला न्यावंच लागतं.

उत्तर : ताई, तुमची अडचण खरी आहे, पण तिचं वर्ष त्यात जायला नको. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे : आई-बाप तोडीला गेले तरी मूल गावातच राहून शिकतं. आजी-आजोबा गावात असतील तर उत्तमच. निघायच्या आठवड्यात नको, दसऱ्याच्या आधीच मुख्याध्यापकांना भेटा आणि वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव घालायला लावा. न्यावंच लागलं, तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं कार्ड) घ्या आणि तोडीच्या मुक्कामाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत ते दाखवा. दाखला यायला उशीर झाला म्हणून कायद्यानं प्रवेश नाकारता येत नाही, हे तिथं ठामपणे सांगा. धाकटा तीन वर्षांचा असेल तर जवळच्या अंगणवाडीत चौकशी करा. मी एवढं कळकळीनं सांगते, कारण या वयात शाळा सुटलेली मुलगी आधी कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत राबते, मग उसाच्या फडात, आणि लवकरच घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

प्रश्न : पहिलीतली मुलगी रोज सकाळी पोट दुखतं म्हणते. रविवारी मात्र खुशाल खेळते.

उत्तर : ढोंग म्हणून रागावू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. मग निवांतपणे विचारा : मधल्या सुट्टीत कोणाजवळ बसतेस? लघवीला जाता येतं का? दाराला कडी नाही म्हणून दिवसभर लघवी दाबून धरणाऱ्या मुली असतात. त्या पाणीही पीत नाहीत. कारण कळलं की शाळा सुटल्यावर बाईंना एकटं भेटा. तोवर घरी ठेवावंच लागलं, तर त्या दिवशी मोबाइल देऊ नका.